गॉलवेच्या रात्री आणि ठाणेकरांचे प्रश्न

मागील अंकात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे या शहराविषयी मी एक टिपण लिहिले होते. वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने मी तेथे तीन वर्षे राहिलो आणि नंतर ठाण्याला परत आलो, एवढाच माझा अधिकार. टिपणात तेथील संध्याकाळींना दोनच परिच्छेद मिळाले होते; पत्रे मात्र जवळजवळ सगळी त्या दोन परिच्छेदांवरच आली. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला गॉलवे विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला असून ती सप्टेंबरमध्ये जाणार आहे. एका नातेवाइकाने सांगितले की ते पबांचे गाव आहे आणि तेथे रात्रभर गोंधळ चालतो. आमच्या घरात कोणी मद्य घेत नाही. मुलगी तेथे एकटी पडेल का, आणि रात्री घरी परतणे सुरक्षित असते का?
— एक पालक, पाचपाखाडी

उत्तर : आपल्या नातेवाइकांच्या सांगण्यातील ‘पबांचे गाव’ हा भाग खरा आहे, ‘रात्रभर गोंधळ’ हा भाग बव्हंशी खोटा आहे. या गैरसमजाचे मूळ मला आपल्या परमिट रूममध्ये दिसते. काळ्या काचा, अर्धा उजेड, दाराला पडदा आणि आत केवळ पुरुष, असे जे चित्र स्टेशनच्या परिसरातून जाता-येता आपल्या मनात बसलेले असते, तेच आपण ‘पब’ या शब्दाला चिकटवतो. गॉलवेत दुपारी पबमध्ये डोकावले तर आजी-आजोबा सूप आणि पाव खात बसलेले दिसतात, खिडकीजवळ कोणी वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवत असतो, आणि एखाद्या घरी मर्तिक झाले असेल तर दफनविधी आटोपून आलेले आप्तही पुष्कळदा तेथेच एकत्र बसतात. पब हा शब्द ‘सार्वजनिक घर’ अशा अर्थाच्या इंग्रजी जोडशब्दाचा तुकडा आहे. आयरिश भाषेत तर पबच्या नावातच अनेकदा ‘टी’ म्हणजे घर हा शब्द असतो. क्रॉस स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील टी नॉख्तन म्हणजे नॉख्तनांचे घर आणि मेनगार्ड स्ट्रीटवरील टी कोली म्हणजे कोलीचे घर. जुन्या वाड्यात ओसरी जे काम करत असे, म्हणजे आल्यागेल्याला टेकू देणे, गावची बातमी पोचवणे, पाऊस थांबेपर्यंत आसरा देणे, ते काम तेथे पब करतो. पाऊस तेथे फारसा थांबत नाही, हेही एक कारण असावे.

शहराचा आवाका लक्षात घेतला की बरीच भीती कमी होते. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर होती. गॉलवेची जेमतेम ८५ हजारांच्या आसपास आहे आणि त्यात विद्यार्थ्यांचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका मोठा आहे. आयर स्क्वेअर या मध्यवर्ती चौकातून निघून शॉप स्ट्रीट, हाय स्ट्रीट आणि क्वे स्ट्रीट या पादचाऱ्यांच्या रस्त्यांनी कॉरिब नदीकाठच्या १५८४ मधील स्पॅनिश आर्चपर्यंत पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो, जेवढा आपल्याला स्टेशनवरून तलावपाळीला चालत यायला लागतो. करमणुकीची बहुतेक ठिकाणे या एका पट्ट्यात आणि नदीपलीकडच्या डॉमिनिक स्ट्रीटच्या परिसरात आहेत. रात्रभर काहीच चालत नाही, कारण कायदा आड येतो. सोमवार ते गुरुवार रात्री साडेअकराला, शुक्रवारी व शनिवारी साडेबाराला आणि रविवारी अकराला पबमधील विक्री थांबते. हातातले संपवायला अर्धा तास मिळतो आणि मग मंडळी अक्षरशः बाहेर काढली जातात. विशेष परवाना घेतलेले क्लब तेवढे अडीचपर्यंत चालतात. मद्यासाठी वयाची अट १८ वर्षे आहे.

मद्य न घेणारी व्यक्ती एकटी पडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. चहा, कॉफी, लिंबाचा सोडा किंवा हल्ली सर्रास मिळणारी अल्कोहोलविरहित बिअर मागितली तर कोणी भुवई उंचावत नाही. एक रीत मात्र मुलीला आधीच सांगून ठेवावी. चार जण एकत्र बसले की प्रत्येक जण पाळीपाळीने सर्वांसाठी पेये आणतो. त्यास ‘राउंड’ म्हणतात. आपली पाळी चुकवणे हा तेथे कंजूषपणाचा कळस समजला जातो, आणि सोडा पिणाऱ्याला इतरांच्या महाग पेयांचा भुर्दंड पडतो. बसतानाच ‘मी माझे स्वतंत्र घेईन’ असे सांगितले की प्रश्न मिटतो.

सुरक्षिततेबद्दल माझी खरी काळजी माणसांपेक्षा पाण्याची आहे. कॉरिब नदी गावातून फार वेगाने वाहते, तिच्या जोडीला कालवे आहेत, आणि रात्री काठ निसरडे असतात. क्लाडा वॉच या नावाने तेथील स्वयंसेवक रात्री नदीकाठी गस्त घालतात, यावरून धोक्याची कल्पना यावी. मुलीने रात्री नदीकाठची वाट टाळून उजेडाच्या रस्त्याने, शक्यतो मैत्रिणींबरोबर परतावे. शहराच्या बहुतेक बस मध्यरात्रीच्या आत थांबतात. त्यानंतर आयर स्क्वेअरजवळ मीटरवर चालणाऱ्या परवानाधारक टॅक्सी मिळतात, मात्र शनिवारी रात्री त्यासाठी रांगेत उभे राहावे लागते. मदतीसाठी ११२ किंवा ९९९ हे दोन्ही क्रमांक चालतात.

प्रश्न : मी तबला वाजवतो. गॉलवेच्या पबमध्ये वादक गोल बसून वाजवत असल्याच्या चित्रफिती मी पाहिल्या आहेत. मे महिन्यात आठवडाभर तेथे असेन. या मैफली कोण भरवते, तिकीट किती असते, आणि तबला घेऊन मला त्यांच्यात बसता येईल का?
— एक तबलावादक, कळवा

उत्तर : तिकीट नसते, मंच नसतो, आणि खरे सांगायचे तर ती मैफलही नसते. तेथे तिला ‘सेशन’ म्हणतात. माझ्या मते तिचे जवळचे नाते आपल्या देवळातील भजनी मंडळाशी आहे. मंडळी एकमेकांकडे तोंड करून वर्तुळात बसतात, त्यामुळे निम्म्या श्रोत्यांना त्यांची पाठच दिसते. वाजवतात ते स्वतःसाठी आणि एकमेकांसाठी, आणि ऐकणारा शेजारी बसला तर बसला. पबचा मालक बहुधा दोघा-तिघा वादकांना बिदागी देऊन ठरलेल्या वेळी बोलावतो, जेणेकरून वर्तुळ सुरू होईल. बाकीचे आपापली वाद्ये घेऊन येतात आणि त्यांना काही मिळत नाही. फिडल म्हणजे आपले व्हायोलिन, लाकडी बासरी, टिन व्हिसल नावाची पत्र्याची छोटी बासरी, कॉन्सर्टिना नावाची हातात धरायची भात्याची छोटी पेटी, बॅन्जो, आणि नशीब असेल तर इलन पाइप्स ही आयरिश बॅगपाइप. इलन म्हणजे कोपर. या वाद्याचा भाता कोपराने दाबतात, फुंकर मारावी लागत नाही. त्याच्या वादनकलेचा युनेस्कोने २०१७ मध्ये जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

आता आपल्या कामाचे. तेथील धून साधारणपणे आठ-आठ मात्राखंडांच्या दोन भागांची असते, प्रत्येक भाग दोनदा वाजतो, संपूर्ण धून दोन किंवा तीन वेळा फिरते, आणि मग न थांबता, केवळ एका नजरेच्या इशाऱ्यावर, दुसरी धून सुरू होते. अशा दोन-तीन धुनांची एक माळ. ‘जिग’ हा प्रकार तीन-तीनच्या दोन गटांत चालतो, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या अंगाने. ‘रील’ द्रुत केरव्याच्या जवळ जाते. ‘स्लिप जिग’मध्ये नऊचा हिशेब लागतो, तेथे सावध राहावे. मात्रा जुळल्या म्हणजे ताल जुळला असे मात्र समजू नये. आपल्याकडे समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची जी ओढ असते, ती तेथे नाही. धून वर्तुळासारखी फिरत राहते आणि ठेका तिला मागून हलकेच ढकलतो. तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा, घेऊन कोणी समेवर आदळला तर फिडलवाला दचकेल.

स्वराचे म्हणाल तर बहुतेक धुना पांढरी दोन आणि पांढरी पाच (पाश्चात्त्य डी आणि जी) या पट्ट्यांत असतात. दाया, म्हणजे उजव्या हाताचा तबला, पांढरी दोनला लावलेला असल्यास दोन्हीकडे निभावतो, एकीकडे षड्ज म्हणून आणि दुसरीकडे पंचम म्हणून. अटलांटिकच्या दमट हवेत पुडी उतरते, तेव्हा हातोडी जवळ ठेवावी.

बसता येईल का, याचे उत्तर ‘होय, पण पहिल्या संध्याकाळी नाही’ असे आहे. तेथे तालवाद्य म्हणून बौरान असतो, म्हणजे बकऱ्याच्या चामड्याचा डफासारखा ढोल, जो एका छोट्या दांडीने वाजवतात. एका वर्तुळात एकच बौरान असावा असा अलिखित संकेत आहे, आणि न विचारता दुसरा बौरान काढणाऱ्यांवर तेथे जितके विनोद आहेत तितके आपल्याकडे बायकोच्या माहेरच्यांवरही नसतील. आपल्या तबल्याला हाच नियम लागू होईल. दोन संध्याकाळी नुसते ऐकावे, वर्तुळातील जाणत्याशी मध्यंतरात बोलावे, आणि त्याने ‘उद्या घेऊन ये’ असे म्हटले की न्यावा. मी स्वतः पहिल्याच आठवड्यात एका पबमध्ये उत्साहाने टाळ्यांचा ठेका धरला होता. एका वयस्कर फिडलवादकाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. बोलला काहीच नाही, पण त्यानंतर तीन वर्षे मी धून संपल्यावरच टाळी वाजवली.

एखाद्या वेळी वाद्ये खाली ठेवली जातात आणि कोणीतरी डोळे मिटून साथीशिवाय आयरिश भाषेत गाऊ लागतो. त्यास शॅन-नोस, म्हणजे ‘जुनी रीत’, असे म्हणतात. त्या वेळी ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाजही खपत नाही. शहराच्या पश्चिमेला लागूनच आयरिश भाषा बोलणारा कॉनमाराचा पट्टा सुरू होतो, त्यामुळे हे गाणे गॉलवेत उसने आणलेले वाटत नाही. टी कोली आणि शॉप स्ट्रीटवरील टॅफ्स येथे जवळजवळ रोज सेशन असते, परंतु गर्दीही तितकीच. सी रोडवरील क्रेन बार येथे ऐकणाऱ्यांना अधिक मान आहे. तळमजल्यावर सेशन आणि वरच्या मजल्यावर कार्यक्रम अशी तेथील रचना आहे. मी आपल्या जागी असतो तर पहिली संध्याकाळ क्रेनमध्येच काढली असती.

प्रश्न : आपल्या मासिकाची परंपरा पाहता परदेशातील मद्यालयांचे कौतुक वाचून खेद झाला. तरुण पिढीसमोर आपण कोणता आदर्श ठेवत आहात? आयर्लंडमधील मद्यपानाची समस्या आपणांस माहीत नाही काय?
— एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा

उत्तर : समस्या माहीत आहे, आणि माझ्या टिपणात तिचा उल्लेख नव्हता ही चूक मान्य करतो. मात्र आपण जो प्रश्न मला विचारला, तो आयरिश लोकांनी स्वतःला दोनशे वर्षे विचारला आहे, हेही नमूद करायला हवे. कॉर्क येथील फादर मॅथ्यू या धर्मगुरूने १८३८ मध्ये संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ सुरू केली आणि लाखो लोकांनी त्याच्यासमोर शपथ घेतली. १८९८ मध्ये ‘पायोनियर’ या मद्यत्यागी संघटनेची स्थापना झाली. तिचे सदस्य कोटावर एक लहानशी पिन लावतात, आणि माझ्या घरमालकांच्या कोटावर ती होती. गुड फ्रायडेला पब बंद ठेवण्याचा १९२७ पासूनचा नियम २०१८ मध्ये उठला, परंतु त्याच वर्षी मद्याच्या जाहिराती आणि विक्री यांवर निर्बंध आणणारा कायदाही संमत झाला. मद्यातील प्रत्येक ग्रॅम अल्कोहोलमागे किमान दहा सेंट किंमत असलीच पाहिजे, असा नियम जानेवारी २०२२ पासून आहे. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमची, आणि नवशिक्या किंवा व्यावसायिक चालकाच्या बाबतीत २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. कामाच्या ठिकाणी, म्हणून पबमध्येही, धूम्रपानाला बंदी करणारा आयर्लंड हा जगातील पहिला देश; ती बंदी २९ मार्च २००४ रोजी लागू झाली. त्या दिवशी पबसंस्कृती बुडणार असे अनेकांनी भाकीत केले होते.

मद्याचे कौतुक मला करायचे नव्हते आणि नाही. माणसे संध्याकाळी घराबाहेर पडून, दूरचित्रवाणी बंद करून, वेगवेगळ्या वयांच्या अनोळखी लोकांशेजारी बसतात, याचे मला कौतुक वाटले. त्याला मद्याची किंमत मोजावी लागते का, हा वाद तेथेही संपलेला नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. येत्या जुलैमध्ये मुलाकडे गॉलवेला महिनाभर राहणार आहे. विष्णुदास भावे नाट्यगृहात एकही चांगले नाटक मी सोडत नाही. तेथे पब सोडून माझ्यासारखीला काय पाहता येईल?
— एक नाट्यप्रेमी, वाशी

उत्तर : आपण नेमक्या महिन्यात जात आहात. गॉलवेचा आंतरराष्ट्रीय कला महोत्सव जुलैमध्ये सुमारे दोन आठवडे चालतो. तो सुरू झाला १९७८ मध्ये, ज्या वर्षी आमच्या ठाण्यात गडकरी रंगायतन उभे राहिले. रंगायतनाने ठाण्याच्या संध्याकाळींना जे वळण लावले, ते गॉलवेत त्या महोत्सवाने आणि त्याच्या आधी तीन वर्षे जन्मलेल्या एका नाटकमंडळीने लावले. त्या मंडळीचे नाव ड्रूइड. विद्यापीठात एकत्र नाटके केलेल्या गॅरी हाइन्स, मरी मलन आणि मिक लॅली या तिघांनी १९७५ मध्ये ती स्थापन केली. त्या काळी आयर्लंडमध्ये व्यावसायिक नाटक म्हणजे डब्लिन असेच समीकरण होते. राजधानीबाहेरची पहिली व्यावसायिक मंडळी म्हणून ड्रूइडचे महत्त्व. आपल्याकडे मुंबई-पुण्याबाहेरच्या हौशी संघाने उठून व्यावसायिक रंगभूमीला दखल घ्यायला लावावी, तसे हे झाले.

ड्रूइडचे स्वतःचे छोटे नाट्यगृह क्वे स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावरील बोळात आहे आणि त्याला आता मिक लॅली यांचे नाव दिले आहे. मोठे प्रयोग टाउन हॉल थिएटरमध्ये होतात. ती इमारत कधी न्यायालय होती, कधी चित्रपटगृह. १९९६ मध्ये तिचे नाट्यगृह झाले ते मार्टिन मॅक्डोना यांच्या पहिल्या नाटकाच्या ड्रूइडनिर्मित प्रयोगाने. तेच नाटक पुढे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेले आणि १९९८ मध्ये नाट्यदिग्दर्शनाचा टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कार मिळवणाऱ्या गॅरी हाइन्स या पहिल्या महिला ठरल्या. ज्या गावात कोणीही कोणालाही चार दिवसांत दोनदा भेटतो, त्या गावात घडलेली ही गोष्ट आहे. मध्यंतरात चहा-वडा मिळणार नाही, एवढी तयारी ठेवावी.

आयरिश भाषेतील नाटक पाहायचे असल्यास मिडल स्ट्रीटवर टाइवर्क हे १९२८ पासूनचे नाट्यगृह आहे. भाषा कळणार नाही, पण स्वतःच्याच देशात अल्पसंख्य ठरलेल्या भाषेसाठी माणसे तिकीट काढून बसलेली पाहणे मराठी प्रेक्षकाला बरेच काही सांगून जाते. त्याशिवाय १९८६ मध्ये स्थापन झालेली मॅकनस ही मंडळी रस्त्यावर अजस्र बाहुल्या आणि मुखवटे घेऊन मिरवणुका काढते. ती कोठे असल्याचे कळले तर लवकर जाऊन पुढची जागा धरावी.

पब सोडून, असे आपण लिहिले आहे, तरीही टी नॉख्तनच्या दारापर्यंत तेवढे जावे, कारण ती वास्तू नाटकवाल्यांना परकी नाही. पब म्हणून ती १८९४ पासून चालू आहे. त्याआधी अठराव्या शतकात ते रिचर्ड मार्टिन या जमीनदाराचे गावातले घर होते असे सांगतात. या गृहस्थाने पत्नीच्या नाट्यवेडासाठी १७८३ मध्ये शेजारच्या कर्वन्स लेनमध्ये एक लहान नाट्यगृह बांधले, आणि पुढे ब्रिटिश संसदेत जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १८२२ चा कायदा संमत करून घेतला. लोक त्याला प्रेमाने ‘भूतदयेचा डिक’ म्हणत; डिक हे रिचर्डचे लघुरूप. त्या पबच्या बाहेरच्या बाकावर चहा घेऊन बसले की रस्ता हेच नाटक होते.

प्रश्न : मित्रांबरोबर डिस्को आणि क्लबसाठी गॉलवेला जावे का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : केवळ त्यासाठी जाऊ नये, त्या हौसेसाठी डब्लिन मोठे आहे आणि त्याहूनही मोठी शहरे युरोपात आहेत. गेलातच तर डॉमिनिक स्ट्रीटवरील रोशीन डव येथे जावे. नावाचा अर्थ ‘काळा गुलाब’. नव्या वादकवृंदांचे कार्यक्रम, विनोदी एकपात्री आणि उशिरापर्यंतचे नृत्य, असे तिन्ही तेथे एका छपराखाली चालते. दारावर वयाचा छायाचित्रासह पुरावा मागतात. दारावरचा माणूस ‘आज नको’ म्हणाला तर वाद न घालता पुढचे दार पाहावे, कारण त्याच्याशी घातलेला वाद आजवर कोणी जिंकल्याचे मी पाहिले नाही.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि आमचा सात वर्षांचा मुलगा जूनअखेर डब्लिनहून दोन रात्रींसाठी गॉलवेला जाणार आहोत. आम्ही शाकाहारी आहोत. मुलाला घेऊन संध्याकाळी कोठे जाता येईल? राहण्याची सोय आयत्या वेळी मिळते का?
— एक दांपत्य, घोडबंदर रोड

उत्तर : डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून रेल्वेने सुमारे अडीच तासांत आपण गॉलवेच्या मध्यवस्तीत उतराल. जूनअखेर तेथे रात्री दहानंतर सूर्य मावळतो, हे मुलाच्या झोपेसाठी वाईट आणि आपल्या सहलीसाठी उत्तम. पंधरा वर्षांखालील मुलाला पालकांबरोबर पबमध्ये नेता येते. वेळेची मर्यादा एरवी रात्री नऊची, तर मे ते सप्टेंबरमध्ये दहाची आहे. म्हणून संध्याकाळी लवकरचे सेशन गाठावे आणि मुलाला वर्तुळाच्या जवळ, पण वाटेत नाही, असे बसवावे.

मुलाला त्याहून अधिक आवडेल तो शॉप स्ट्रीट. रस्त्यावर वाजवणारे, नाचणारे आणि कसरती करणारे कलावंत तेथे दर पन्नास पावलांवर असतात, आणि गॉलवेतील अनेक नावाजलेल्या वादकांची सुरुवात अशीच रस्त्यावर झाली आहे. उघड्या पेटीत नाणे टाकण्याचे काम मुलाकडे द्यावे. वाटेत किंग्ज हेड हा पब लागेल. १६४९ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या शिरच्छेदाशी संबंधित असलेल्या एका अधिकाऱ्याला ती वास्तू बक्षीस मिळाली, अशी दंतकथा आहे. सात वर्षांच्या मुलाला अशी गोष्ट बरोबर लक्षात राहते. दुसरी संध्याकाळ साल्टहिलच्या समुद्रकाठच्या फेरीसाठी राखावी. फेरीच्या शेवटी भिंत लागते, तिला पायाने स्पर्श करून मागे फिरण्याची प्रथा आहे. का, ते कोणालाच नीट सांगता येत नाही. सगळे करतात म्हणून सगळे करतात. छत्री नेऊ नये, वारा ती उलटी करतो. टोपीचे जाकीट न्यावे.

शाकाहाराचे दोन सापळे आहेत. भाज्यांचे सूप पुष्कळदा कोंबडीच्या रश्शात केलेले असते, आणि बटाट्याच्या फोडी मासे तळलेल्याच तेलात तळतात. दोन्ही विचारून घ्यावे. पबची स्वयंपाकघरे रात्री नऊच्या सुमारास बंद होतात, आपल्यासारखी साडेदहाची जेवणे तेथे नाहीत. आपल्यापैकी कोणी काळी बिअर चाखणार असाल तर माहिती असावी की ती निवळण्यासाठी पूर्वी माशाच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरत; ती बनवणाऱ्या गिनेस कंपनीने त्याचा वापर गेल्या दशकात बंद केला.

राहण्याची सोय जूनअखेर आधी केली तर मिळते. जुलैच्या मध्यापासून कला महोत्सव आणि त्याला लागून जुलैअखेरपासून बॅलिब्रिटच्या घोड्यांच्या शर्यती सुरू होतात. १८६९ पासून भरणारी ही शर्यत सात दिवस चालते आणि त्या आठवड्यात खोल्यांचे भाव ऐकून माणूस परतीची गाडी पकडतो. आपल्या तारखा पुढे ढकलू नयेत.

प्रश्न : पुढील वर्षी शिकायला जाणार आहे. तेथे पबमध्ये अर्धवेळ काम मिळेल का? घरी काय सांगावे?
— एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : घरी खरे सांगावे. पूर्णवेळ शिक्षणाच्या परवान्यावर असलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तर जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४० तास काम करता येते. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १३.५० युरो होते. पबमध्ये नवख्याला पहिले काही आठवडे ग्लास गोळा करायला आणि टेबले पुसायला लावतात. काळी बिअर भरण्याची पाळी नंतर येते. ती दोन टप्प्यांत भरायची असते, तीन चतुर्थांश ग्लास भरून तो बाजूला ठेवायचा, आतील ढग खाली बसू द्यायचे आणि मग उरलेला भरायचा. घाई केलेली गिऱ्हाइकाला लगेच कळते.

सप्टेंबरमध्ये सगळेच विद्यार्थी एकदम काम शोधू लागतात, म्हणून पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे जेवणाची गर्दी ओसरल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्याआधी, छापील अर्ज घेऊन स्वतः दारोदार जावे. करासाठी लागणारा वैयक्तिक क्रमांक मिळून त्याची नोंदणी होईपर्यंत पगारातून जबर दराने कर कापला जातो. तो नंतर परत मिळतो, पण घरमालक तोवर थांबत नाही. तेव्हा पहिल्या दोन महिन्यांच्या भाड्याची तजवीज ऐरोलीहूनच करून निघावे.